आईचा डावा हात

बी.एस्सी. होऊन तीन वर्षं मी घरीच होते. मग एका सर्वेक्षणाचं काम मिळालं. पन्नाशीपुढची माणसं चालताना हात किती हलवतात, ते मोजायचं. दोन्ही मनगटांवर घड्याळासारखे पट्टे बांधायचे, शाळेच्या व्हरांड्यात खडूनं रेघ मारायची, माणसाला त्या रेघेवरून चालवायचं आणि टॅबवर आलेले आकडे बघायचे. कशासाठी, ते सर्वेक्षण चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी आधीच समजावलं होतं. कंपवातात थरथर सुरू व्हायच्या पुष्कळ आधी एका बाजूचा हात हलायचा थांबू शकतो. माणसाला स्वतःला ते कळतही नाही.

पुरुषांचं काम लवकर उरकायचं. बाया अडायच्या. "हात मोकळे सोडून चाला, मावशी," म्हटलं की एक हात पदराकडे जायचा, दुसरा कमरेवर. कुरुंद्याची एक म्हातारी तर वैतागलीच. "डोक्यावर कायतरी दे बाई. मोकळ्या हातानं मी कवा चालले?"

आमचं गाव नांदेड रस्त्यावरच्या डोंगरकड्याजवळ. नवे पट्टे मिळाले तेव्हा ते नीट चालतात का बघायला मी आईलाच अंगणात चालवलं. हळद काढायचे दिवस होते, तिची बोटं पिवळी झालेली.

"दोन दोन घड्याळं! सायबीण झाले की मी," ती म्हणाली.

गोठ्यापर्यंत गेली, परत आली. उजव्या हाताचा आकडा ठीक होता. डाव्याचा जवळजवळ नव्हताच. पट्टा खराब असेल म्हणून मी दोन्हींची अदलाबदल केली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला टॅब बाजूला ठेवून नुसतं बघितलं. डावा हात कोपरात जरासा वाकून पोटाजवळ तसाच राहिला होता. एवढी वर्षं मी तिच्यामागून शेतात गेले, पण तिच्या डोक्यावर कायम पाटी नाहीतर भारा, आणि डावा हात तो धरायला वर. मला दिसणार कसं?

"काहून गं, काय झालं?"

"काही नाही. पट्टा बिघडलाय."

डॉक्टरबाईंनी फोनवर नांदेडच्या एका डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. आईला राजी करण्यात महिना गेला. "मी थरथरते का? मग कशाला?" अखेर बाप गेल्यापासून मी तिचं काही ऐकत नाही, असं म्हणत ती निघाली.

डॉक्टरांनी तिला चालवलं, बोटं आपटायला लावली, मनगट वाकवून बघितलं. "लवकर लक्षात आलं," ते म्हणाले. मला एकदम हायसं वाटलं. लवकर म्हणजे बरं होणार.

"म्हणजे थांबेल ना?"

"गोळ्यांनी त्रास कमी होईल. आजार थांबवणारं औषध अजून नाही."

"मग लवकर कळून काय उपयोग?"

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. परतीच्या बसमध्ये वारंग्याला आईनं गोळ्यांची पुडी पिशवीच्या तळाशी सारली. मग म्हणाली, "तू मोजायलाच न्हाई पायजे होतं. चार-दोन वर्षं मी तशीच काढली असती."

त्या दिवसापासून ती स्वतःच्या हाताकडे बघत चालू लागली. मुद्दाम हलवायची, जोरात. गल्लीतली एक बाई ओट्यावरून म्हणाली, "पोलिसात भरती व्हयलीस का गं?" आईनं हात पदराखाली घेतला. दुसऱ्या दिवशी शेतात आली नाही, मग कधीच आली नाही. पुढची दोन वर्षं पाय चांगले होते तिचे. ती दोन वर्षं आजारानं नाही नेली. ती माझ्या आकड्यानं नेली.

सर्वेक्षण संपलं, पट्टे खोक्यात भरून मी परत पाठवले. सेनगावजवळच्या गोरेगावात दोघांचे आकडे आईसारखेच आले होते. जागेवर कुणाला काही सांगायचं नाही, असा नियम होता. त्यांना पुढं कोणी कळवलं का, माहीत नाही. मी नंतर एकदा तिकडे जाणारी जीप पकडली आणि सेनगावातूनच परत फिरले.

आता आईचे दोन्ही हात थरथरतात. न्हाणीपर्यंत मी तिला धरून नेते. उंबऱ्याशी तिचा पाय जमिनीला चिकटल्यासारखा थांबतो. "उचल, माय," मी म्हणते. "उचलूनच राहिले," ती म्हणते, आणि आम्ही दोघी तिथंच उभ्या असतो.