देवळीतलं वापरकर्ता संमेलन

वर्ध्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळ कोवळी होती आणि मी दमले होते. दमण्याचं कारण प्रवास नव्हता. अकोल्याला चढलेल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "तुम्ही वर्ध्याला कशासाठी चाललात?" आणि मी त्याचं खरं उत्तर द्यायला बसले होते.

मिक्सर, पंप, लिफ्ट, कशाचंही झाकण उघडलं तर आत एक हिरवा बोर्ड दिसतो आणि त्यावर बारीक रेघांचं जाळं असतं. त्या रेघा कुठून कुठे न्यायच्या हे संगणकावर ठरवणं हा माझा व्यवसाय. ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही हे काम करतो ते वापरणाऱ्यांचं दरवर्षी एक संमेलन भरतं. मी त्या संमेलनाची कार्यवाह. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून ही निवड झाली, आणि त्यानंतर मला एकदाही हाताने काही लिहावं लागलेलं नाही. हे सगळं ऐकून बडनेऱ्यानंतर त्या बाईंनी निष्कर्ष काढला, "म्हणजे तुम्ही मिक्सर दुरुस्त करता." मी हो म्हटलं.

आजवर आमची संमेलनं पुण्यातल्या नाहीतर बंगळुरूतल्या हॉटेलात भरायची. पडदे ओढलेले, एसी गारठवणारा, आणि जेवणानंतरच्या व्याख्यानाला निम्मी मंडळी डोळे मिटून मान डोलावणारी. गेल्या वर्षी समारोपाला वर्ध्याच्या सुषमा ढगे उठून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आमच्याकडे या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला ते सौजन्य वाटलं, सुषमाताईंना तो ठराव वाटला. घरी जाऊन त्यांनी देवळीचं मंगल कार्यालय ठरवूनही टाकलं.

त्यात यंदा एक धास्ती होती. सॉफ्टवेअर कंपनीने कळवलं होतं की संमेलनाची रया गेली आहे, त्यामुळे बंगळुरूहून नायर नावाचे अधिकारी येऊन पाहतील. त्यांना पटलं नाही तर पुढच्या वर्षीपासून सगळं ऑनलाइन, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी बसून मान डोलवायची. मला ते नको होतं. वर्षभर एकट्याने पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला निदान एकदा तरी आपल्यासारखी माणसं दिसावीत, एवढंच माझं म्हणणं.

सुषमाताई स्टेशनवर आल्या होत्या. "थकल्या असान ना? आधी पोहे खाऊ," म्हणत त्यांनी मला थेट एका टपरीवर नेलं. इकडे पोह्यांवर तर्री (हरभऱ्याच्या रश्श्यावरचा लालभडक तेलकट थर) ओततात. पहिल्या घासाला चव कळली, दुसऱ्याला कान गरम झाले आणि तिसऱ्याला मला उचकी लागली. टपरीवाल्याने न विचारता आणखी तर्री वाढली. "पाणी नका पिऊ जी, त्यानं वाढते," तो म्हणाला.

त्यांचं घर बोरगाव मेघेला. वरच्या खोलीत दोन पडद्यांचा संगणक, खाली अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या. सासूबाईंनी मला सुनेचं काम समजावून दिलं, आणि मी गाडीत दिलेल्या व्याख्यानापेक्षा ते बरंच सोपं होतं. "ते हिरव्या पट्टीवर रस्ते काढते. आमच्या वावरात जायले रस्ता नाई, पण तिच्या पट्टीवर पहा, लयच रस्ते."

दुपारी आम्ही देवळीला निघालो. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, मध्ये वेचणीला आलेला कापूस. कापसाने फुगलेल्या एका गाडीमागून आम्ही बराच वेळ रांगत गेलो, आणि आमच्या काचेवर पांढरे पुंजके येऊन चिकटत राहिले. मी मनातल्या मनात खुर्च्यांची मांडणी करत होते. कार्यालयात पोचल्यावर कळलं की त्याची गरज नव्हती. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, फक्त आमच्यासाठी नव्हत्या.

"वानखडे भाऊ, आमचं बुकिंग उद्याचंच आहे ना?" सुषमाताईंनी कार्यालयाच्या मालकांना विचारलं.

"हो जी, उद्याचंच आहे," वानखडे म्हणाले. "साक्षगंधाचंही उद्याचंच आहे." (साक्षगंध म्हणजे आपला साखरपुडा.)

"मंग आमचं काऊन घेतलं?"

"तुमी संमेलन म्हणलं. म्या म्हणलं, संमेलन पुढं ढकलते लोकं. साक्षगंध कोणी ढकलत नाई." मग माझा चेहरा पाहून त्यांनी धीर दिला. "तुमचा कार्यक्रम बसून आयकाचा आहे म्हणे. तो कुठीही होते. मागं जेवणाची शेड आहे, हवा चांगली येते."

आम्ही शेड पाहायला गेलो. शेडमध्ये हवा खरोखरच चांगली येत होती. डोक्यावर पाण्याची मोठी टाकी होती आणि बाजूला बोअरची मोटर.

खरा धक्का बसस्टँडवर बसला. तिथे आमचा फलक लागला होता. सुषमाताईंनी फोनवर मजकूर सांगितला होता, 'इलेक्ट्रॉनिक डिझाइन सॉफ्टवेअर वापरकर्ता संमेलन'. फलकावर होतं, 'इलेक्ट्रॉनिक वापरकर्ता संमेलन, सर्वांचे हार्दिक स्वागत', आणि शोभेला एक टीव्ही आणि एक मिक्सर. सुषमाताईंनी छापणाऱ्याला फोन लावला. "ताई, मधातले शब्द बसून नाई राह्यले, म्हणून काढून टाकले," तो म्हणाला. असाच एक फलक त्याने पुलगाव रस्त्यालाही लावला होता, खास आपल्याकडून, भेट म्हणून.

"जाऊ द्या, फलक कोण वाचतं?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मंडळी येऊ लागली. पुण्याचे आपटे काका सर्वांत आधी. धंद्यातले ज्येष्ठ, आणि 'माझा एकही बोर्ड आजवर जळलेला नाही' हे त्यांचं दर संमेलनातलं पहिलं वाक्य. शेड पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "हे तात्पुरतं आहे का?" मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत."

व्याख्यान सुरू व्हायची वेळ झाली तरी नायर साहेबांचा पत्ता नव्हता. त्यांना घेऊन येणारी मोटार तर दारात उभी होती. मी हॉलमध्ये डोकावले. नायर पहिल्या रांगेत, सुटाबुटात, कपाळाला कुंकू, डोक्याला टोपी, मांडीवर नारळ अशा थाटात बसले होते. नवऱ्या मुलाकडच्यांना ते मुलीकडचे वाटले, मुलीकडच्यांना मुलाकडचे, आणि दोन्हीकडून त्यांचा सत्कार झाला होता. मला पाहून ते हळूच म्हणाले, "मॅडम, बहुत अच्छा वेलकम है. लेकिन प्रोजेक्टर किधर है?"

त्यांना घेऊन शेडकडे आले तर तिथे रांग लागलेली. आमच्या सदस्यांची नव्हे. कुणाच्या हातात मिक्सर, कुणाकडे रेडिओ, डास मारायच्या रॅकेटी तर कितीतरी. एका आजोबांनी टीव्ही आणला नव्हता, फक्त रिमोट आणला होता. "टीव्ही चांगला आहे जी, याच्यातच खोट आहे."

सगळ्यांच्या पुढे गोणपाटात काहीतरी गुंडाळून एक बाई उभ्या होत्या. "मी कमलाबाई, नाचणगावहून येतो," त्यांनी सांगितलं. (इकडे बायकाही 'येतो, जातो' म्हणतात.) नाचणगावला त्यांचं वांग्या-मेथीचं वावर, आणि भाजी पुलगावच्या बाजारात जाते. गोणपाटात होता मोटरीचा ऑटो-स्टार्टर, म्हणजे वीज आली की शेतातली मोटर आपोआप सुरू करणारी पेटी.

मी त्यांना समजावलं, "मावशी, हे संमेलन वापरकर्त्यांचं आहे. म्हणजे जे वापरतात त्यांचं."

"मंग वापरतो तं आमीच ना," त्या म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या.

मागे आपटे काकांनी सुरुवात केली, "माझा एकही बोर्ड आजवर," आणि वीज गेली. प्रोजेक्टर मिटला. राज्यभरातून आलेले आम्ही सगळे रिकाम्या पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसलो. नायर घड्याळ बघू लागले. संमेलन इथेच संपलं असं मला वाटलं.

तेवढ्यात कमलाबाई म्हणाल्या, "तुमी बसूनच हाये, तं पाहून घ्या ना येकदा."

खरंच होतं. आम्ही बसूनच होतो. आता पेटी उघडायला स्क्रूड्रायव्हर हवा. त्या शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक्समधली इतकी माणसं होती, पण स्क्रूड्रायव्हर एकाकडेही नव्हता. वानखडेंनी आणून दिला. आपटे काकांनी वडीलकीच्या नात्याने झाकण उघडलं आणि किंचाळून मागे सरले. आत एक वाळलेली पाल होती. ती काढल्यावर ते पुन्हा वाकले, चष्मा वर केला आणि बोर्डाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. आमच्या धंद्यात प्रत्येक जण कोपऱ्यात आपली एक बारीकशी खूण सोडतो. ती खूण आपट्यांची होती. शेजारीच काळा जळका डाग.

"हा माझा बोर्ड आहे," ते पुटपुटले.

"तुमी बनवला हा?" कमलाबाईंना मनापासून आनंद झाला. "बरं झालं बाप्पा, भेटले. मी कोणाले सांगू म्हणून राह्यली होती. लाइन कधीही येते, तिचा नेम नाई. पेटी बंद असली का मलेच वावरात धावा लागते. बाजार सोडून धावतो मी. हे चालू होईन का नाई, तेवढं सांगा."

आपट्यांनी आमच्याकडे पाहिलं. "डाग देऊन बघू," ते म्हणाले. सुषमाताईंच्या गाडीत सोल्डरिंगच्या सामानाची पिशवी होती, पण डाग द्यायची कांडी तापवायला वीज कुठली? वीज फक्त हॉलमध्ये होती, साक्षगंधाच्या जनरेटरची.

आम्ही निरोप धाडल्यावर नवरीचे मामा शेडपर्यंत आले. "लाइन देतो ना आमी. पण आमचा माइक बंद पडला आहे. तुमी येवढे इंजिनिअर, तो चालू करून द्या."

माइकभोवती आमची समिती बसली. एकाला वाटलं दोष ॲम्प्लिफायरमध्ये आहे, दुसऱ्याला अर्थिंगमध्ये, तिसऱ्याने कागदावर आकृती काढली. नवरी मुलगी शालू सांभाळत आमचं सगळं ऐकत होती. शेवटी कुणीतरी वायर नीट खोचली आणि माइक जोरात शिटी मारून बोलू लागला. आम्ही टाळ्या घेतल्या. त्या कशासाठी, ते आम्ही कोणालाही सांगितलं नाही.

मग शेडमध्ये जे झालं ते मी कुठल्याच संमेलनात पाहिलेलं नव्हतं. कुणी झोपलं नव्हतं. आपटे जळका भाग सोडवत होते, सुषमाताई जुन्या रेडिओतून कामाचा सुटा भाग काढत होत्या, आणि नायर साहेब बाह्या सरसावून, कुंकवासकट, डाग देत होते. "कॉलेज के बाद पहली बार," ते म्हणाले. पहिला डाग त्यांनी टेबलाला दिला. बाकीची मंडळी रॅकेटी आणि रिमोटना भिडली होती. रिमोटमधले सेल उलटे होते. हे आजोबांना सांगायचं कुणी, यावर वेगळी चर्चा झाली.

पेटी तयार झाली, पण तपासायची कशावर? "आमच्या बोअरवर लावा," वानखडे म्हणाले. त्यांची मोटर त्याच जातीची होती. मेन स्विच पाडून त्यांनी पेटी जोडली, स्विच पुन्हा वर केला, आणि आम्ही सगळे वीज यायची वाट पाहत मोटरीभोवती उभे राहिलो. साक्षगंध आटोपून वऱ्हाडीही आले. एका बाजूला जरीच्या साड्या, दुसऱ्या बाजूला गळ्यात ओळखपत्रं, आणि मधोमध कमलाबाई, पदर खोचून.

कुणीतरी ओरडलं, "लाइन आली!" एक क्षण काहीच झालं नाही. आपट्यांनी डोळे मिटले. मग पेटीत खट्ट आवाज झाला आणि मोटर घरघरली.

असा जल्लोष मी आमच्या मंडळींकडून कधी ऐकला नव्हता. आम्ही इतके ओरडत होतो की टाकी भरल्याचं कोणाला कळलंच नाही. पाणी पत्र्यावरून थेट शेडमध्ये उतरलं, आधी पडद्यावर, मग खुर्च्यांवर, मग आपट्यांच्या डोक्यावर. ते तसेच उभे राहिले. "चालते की," कमलाबाई हसत म्हणाल्या.

जेवण अर्थातच साक्षगंधाच्या पंगतीत झालं, कारण आमची शेड ओली होती. शेणाच्या गोवऱ्यांत भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे), त्यावर तूप आणि वांग्याची झणझणीत भाजी. नायर शेजारी बसले होते. रोडगा कसा फोडायचा हे मामांकडून शिकल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, सच बताऊँ? मैं ये बंद करने आया था."

माझा घास हातातच राहिला. "और अब?"

"अब क्या लिखूँ रिपोर्ट में? घर बैठे ये सब कैसे होगा?" त्यांनी भाजी परत मागितली. "चलेगा. हर साल चलेगा."

मी सुषमाताईंना शोधून हे सांगितलं. त्यांनी माझ्या पानात आणखी एक रोडगा ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. भाजी तिखट होती हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

परतीच्या गाडीत मला आणि आपटे काकांना समोरासमोरच्या जागा मिळाल्या. खिडकीबाहेर कापसाची शेतं मागे पडत होती आणि माझ्या मनात येत होतं, इतकी वर्षं मी रेघा ओढते आहे, पण रेघेच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं असतं हे मला कुठे माहीत होतं? संमेलन फसलं असंच म्हणायला हवं. एकही व्याख्यान झालं नाही. तरी मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

आपट्यांनी लॅपटॉप उघडला होता. पडद्यावर तोच बोर्ड. ते एकेक भाग उचलून बाजूला सरकवत होते, पुन्हा मागे आणत होते. माझ्या शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "काय करून राह्यले काका?"

"नाचणगावच्या एका बाईंची मोटर बंद पडते," आपटे म्हणाले. "ते बघतोय."

मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "पुन्हा जळू नये म्हणून इथे जरा जागा सोडावी का हो? तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी प्रथमच माझं मत विचारलं होतं. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.