हत्ती दिसेपर्यंत चहा बंद

जालन्याहून गाडी सकाळी वेळेवर सुटली. ही गोष्ट नोंद घेण्यासारखी असल्याने प्रथम दिली आहे. बदनापूर आले तेव्हा चहावाला डब्यात शिरला. मी हात वर केला. शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीने, सुनंदाने, त्याला सांगितले, "एकच दे. यांना न्हाई."

मला वाटले, तिने घरून थर्मास आणला असेल. तिने नवस आणला होता.

दक्षिणेतल्या जंगलात जाऊन वन्यप्राणी पाहायचे, असे आमचे चार वर्षांपासून ठरत होते. पहिल्या वर्षी निवडणूक लागली. दुसऱ्या वर्षी निकाल लागला. तिसऱ्या वर्षी एका मंत्र्याचा दौरा आला; तो ऐनवेळी रद्द झाला, पण तोवर आमची सहल रद्द होऊन गेली होती. मी एका जिल्हा दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करतो, त्यामुळे ही कारणे मला सबळ वाटत. सुनंदाला ती वाटली नाहीत. गेल्या चतुर्थीला ती राजूरच्या गणपतीला गेली आणि बोलून आली की, यंदा सहल झाली, तर रानात मोकळा फिरणारा हत्ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत हे चहा पिणार नाहीत.

"हे म्हणजे मी?" मी विचारले.

"मंग कोण?"

"नवस तू बोललीस. चहा मी सोडायचा?"

"सहल कोण रद्द करून राह्यलं होतं, मी का तुम्ही?" तिने चहाचा घोट घेतला. "तीन बारीला 'यंदा बिलकुल जाऊ' म्हणले. तुमच्या शब्दाला काहीतरी तारण लागंल की न्हाई?"

मी देवदेव करणारा माणूस नाही. नवस मोडल्याने काय होते याविषयी मला काळजी नव्हती. पण तारणाचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून होता. मी पाणी प्यालो.

मनमाडला गाडी बदलली, बंगळूरला पुन्हा बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हैसूरहून बसने दक्षिणेकडे निघालो तोवर माझे डोके ठणकू लागले होते. सुनंदाने दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने त्यांच्या बदल्यात चिरमुरे दिले. ऊस संपला, नारळ संपले, मग तपासणी नाका आला आणि जंगल सुरू झाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, खाली घाणेरीची दाट झुडपे, समोर निलगिरीचा निळा उतार. नाक्यावरच्या पाटीवर लिहिले होते की शांतता राखा. चालकाने ती वाचता यावी म्हणून पुढच्या गाडीला हॉर्न दिला.

आमचा रिसॉर्ट जंगलाच्या कडेला होता. 'निसर्गाच्या कुशीत' असे त्याच्या पत्रकात छापले होते. निसर्ग आत येऊ नये म्हणून भोवती विजेचे कुंपण होते. स्वागतकक्षात प्लास्टिकचे वेत, सिमेंटचा वाघ आणि मागे धबधब्याचा आवाज. धबधबा स्पीकरमध्ये होता. डोंगरावर चहाचे मळे असल्याने प्रत्येक पाहुण्याला रोज संध्याकाळी चहाची चाखणी मोफत होती. एका लांब टेबलावर सात प्रकारचे चहा ओळीने मांडले होते. व्यवस्थापकाने मला प्रत्येकाचा सुगंध समजावून सांगितला. मी सुगंध घेतला. सुनंदाने सातही चाखले आणि सांगितले, "चौथा बरा हाय. बाकीच्यांत साखर न्हाई."

आमच्या जीपचा चालक आणि मार्गदर्शक एकच होता, सलीमभाई. मूळ म्हैसूरकडचा, दखनी बोलणारा. तीन राज्ये ओलांडून आल्यावर सुनंदाला अचानक जालन्यातल्या कादराबादच्या गल्लीत उभे असल्यासारखे वाटले.

"भाई, हत्ती कवा दिखते?" तिने पहिल्याच भेटीत विचारले.

"हौ, दिखते ना. इधर आने बहुत हैं," सलीमभाई म्हणाला. (आने म्हणजे कानडीत हत्ती.) "मगर सबकू हुली होना. हत्ती कू कोई नै पूछता." (हुली म्हणजे वाघ.)

हे खरे होते. जीपमध्ये आमच्याशिवाय बंगळूरचे एक गृहस्थ होते. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स इतकी मोठी होती की तिला स्वतंत्र जागा द्यावी लागली. सुनंदाने त्यांचे नाव कॅमेरेवाले ठेवले. पहिल्या दिवशी त्यांनी वाघाखेरीज कशासाठीही जीप थांबू दिली नाही. चितळांचा मोठा कळप गेला, मोर गेले, एक गवा रस्त्यात उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. कॅमेरेवाले घड्याळ बघत राहिले.

"हरणं तर मंठ्याच्या रस्त्यानं बी दिसतात," सुनंदाही म्हणाली. "अन् मोर आमच्या पत्र्यावर बसतेत. भाई, हत्ती बघा."

हत्ती दिसला नाही. हत्तीची लीद तीन ठिकाणी दिसली. ती ताजी असल्याचे सलीमभाईने तिन्ही वेळा सांगितले. लीद चालेल का, असे मी सुनंदाला विचारले. तिने सलीमभाईला जीप पुढे घ्यायला सांगितले. जेवायला मुद्दे होते (नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, चावायचा नसतो, आमटीत बुडवून गिळायचा असतो). मी चावला. दाताला चिकटलेला गोळा सोडवायला गरम काहीतरी प्या, असे वाढप्याने सुचवले आणि त्याने काय सुचवले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुके होते. जीपच्या पुढचे दिवे दहा पावलांवर संपत होते. एका वळणावर सलीमभाईने इंजिन बंद केले आणि उजवीकडच्या उतारावर बोट दाखवले.

"आने."

कॅमेरेवाले उभे राहिले. कॅमेरा खटाखट चालू लागला. "टस्कर," ते कुजबुजले, "मोठा नर आहे."

मी पाहिले. बांबूच्या मागे करडे काहीतरी होते. ते मोठे होते, याबद्दल शंका नाही.

"सुळे दिसतात?" मी विचारले.

"येस, येस. डावा सुळा स्पष्ट."

"मला तर काही दिसून न्हाई राह्यलं," सुनंदा म्हणाली. तिने चष्मा पुसला, पुन्हा घातला. "अहो, तुम्हाला दिसला का?"

आमच्या व्यवसायात बातमीला दोन सूत्रे लागतात. एक स्थानिक जाणकार होता, दुसऱ्याकडे उपकरण होते. डोकेदुखी तिसऱ्या दिवसात शिरली होती.

"दिसला," मी म्हणालो.

"खरंच?"

"कान हलवला त्याने."

कानाचे मी का सांगितले, ते मला आजही सांगता येत नाही. सुनंदाने उताराकडे पाहून हात जोडले. "तुम्ही पाहिला ना, मंग झालं. मला काय, मी उद्या बघन."

परत आल्यावर तिने स्वतः जाऊन चहा सांगितला. साखर जास्त, दूध जास्त, आले ठेचून. चाखणीच्या व्यवस्थापकाला ही कृती लिहून घ्यावी लागली. मी पहिला कप प्यालो तेव्हा डोकेदुखी उतरत गेल्याचे मला जाणवले. दिवसभरात मी आणखी चार प्यालो. प्रत्येक कपाला सुनंदा मला हत्तीविषयी काहीतरी विचारी आणि संध्याकाळपर्यंत माझ्या हत्तीला शेपटी, सोंड आणि काहीसा रागीट स्वभाव प्राप्त झाला होता.

तिसऱ्या दिवशी धुके नव्हते. जीप त्याच वाटेने गेली. त्या वळणावर सलीमभाईने वेग वाढवला, पण पुढे दुसरी जीप उभी असल्याने त्याला थांबावे लागले. उजवीकडच्या उतारावर, बांबूच्या मागे, हत्ती होता तिथेच होता. उन्हात त्याच्यावरचे शेवाळे दिसत होते. त्याच्या पाठीवर एक वानर बसून शेंग सोलत होते. कान हलण्याची कोणतीही शक्यता नव्हती. तो खडक होता.

कॅमेरेवाल्यांनी लेन्सला झाकण लावले आणि डावीकडची झाडे पाहू लागले. सलीमभाईने आरसा नीट केला. मी डावीकडे पाहिले. सुनंदा एकटी उजवीकडे पाहत होती. ती खडकाकडे पुरेसा वेळ पाहत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खडकाकडे.

"भाई," ती सलीमभाईला म्हणाली, "वो कल भी यहींच था ना?"

"हौ बेहन," सलीमभाई म्हणाला. "धुके में सब खुश होते. मैं कायकू दिल तोडूं?"

नाश्त्याला इडली आली, तिच्यामागून चहा आला. मी कप बाजूला सरकवला. वृत्तपत्रात चूक पहिल्या पानावर जाते आणि दुरुस्ती आतल्या पानावर, वधूवरांच्या जाहिरातींखाली. इथे आतले पान नव्हते.

"काल मला हत्ती दिसला नव्हता," मी म्हणालो.

"मंग काय दिसलं होतं?"

"करडं काहीतरी. ते दोघं म्हणले हत्ती, म्हणून मी बी म्हणलो."

"अन् कान?"

"कान मी घातला."

सुनंदाने इडलीचा तुकडा मोडला. "त्या कॅमेरेवाल्याला तुम्ही आधी ओळखत होते का?"

"नाही."

"त्याचं ऐकलं. मी बाजूला बसून म्हणून राह्यले, काही दिसून न्हाई राह्यलं, ते न्हाई ऐकलं."

सुनंदा जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासते. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळायच्या, ठरलेल्या दिवशी कागद उघडायचा, मोड आलेल्या मोजायच्या.

"आमचे साहेब बी म्हणतेत, लिहा, एवढ्या उगवल्या," ती म्हणाली. "मी म्हणते, मला मोड दिसू द्या. त्यांच्यावर मी रागवत न्हाई, ते साहेब हायेत. तुम्ही तर घरचे." मग ती म्हणाली, "सहलीचं तीन बारीला खोटं बोलले, ते कामापायी. हे कशापायी, तर चहापायी. खा आता, थंड होऊन राह्यली."

दुपारच्या बसने आम्ही म्हैसूरला निघालो. ती खिडकीशी बसली, मी तिच्या बाजूला. तिने माझ्याशी बोलणे टाकले नव्हते. ती आवश्यक ते बोलत होती. प्रवासात मी चपला काढून बसतो. जंगलाच्या मधोमध चालकाने जोराचा ब्रेक मारला आणि माझी डावी चप्पल पुढच्या बाकाखाली सरकली. ती काढायला मी वाकलो, तोच सुनंदाने माझा दंड धरला.

"अहो! अहो, हत्तीण हाय! पिल्लू बी हाय, पोटाखाली! उठा जल्दी!"

सगळी बस उजव्या बाजूला झुकली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाकाखालून डोके काढताना ते बाकाच्या दांडीवर आपटले. वर पाहिले तेव्हा घाणेरीचे एक झुडूप जोरात हलत होते. मग ते हलायचे थांबले.

"दिसली ना?" सुनंदाचा चेहरा फुलला होता. डोळ्यांत पाणी होते.

बसमध्ये चाळीसेक साक्षीदार होते. त्यांतली एक साक्षीदार अशी होती की जी मोड पाहिल्याशिवाय बी उगवली म्हणत नाही. हत्तीण होती, पिल्लू होते, याविषयी कोणताही वाद नव्हता. हो म्हणालो असतो तर ते चुकीचे ठरले नसते.

"नाही," मी म्हणालो. "झुडूप हलताना दिसलं."

"शेपूट बी न्हाई?"

"शेपूट बी नाही. चप्पल काढत होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. पुढचे प्रवासी वळून पाहू लागले तरी थांबेना. "चप्पल!" ती म्हणाली. "समोरून हत्तीण चालली अन् हे बाकाखाली!" मग तिने डोळे पुसले, उठली आणि मला खिडकीशी बसवले. म्हैसूरपर्यंत खिडकीतून शेळ्या दिसल्या. बसस्थानकावर तिने माझ्यासाठी गरम दूध घेतले.

परत आल्यावर कार्यालयात सगळ्यांनी वाघ दिसला का, असे विचारले. नाही म्हटल्यावर पुढचे प्रश्न संपले. दुपारचा चहा माझ्या टेबलावरून पुढे जातो तेव्हा मी गरम पाणी घेतो. मला पित्ताचा त्रास आहे, अशी बातमी दोन सूत्रांनी एकमेकांना पुष्टी देत छपाई विभागापर्यंत पोहोचवली आहे. मी ती खोडून काढलेली नाही.

प्रवासाने माणूस बदलतो असे लिहिण्याची पद्धत आहे. माझ्यात झालेला बदल कागदोपत्री एवढाच दाखवता येईल की, पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज मी यंदाच दिला. आजवर प्रत्येक अर्जात कारण म्हणून मी 'घरगुती अडचण' लिहीत आलो आणि प्रत्येक अर्ज त्याच दिवशी मंजूर होत आला. या वेळी त्या रकान्यात 'हत्ती पाहणे' असे लिहिले. संपादकांनी दोनदा बोलावून खरे कारण विचारले आहे. अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर आहे. सुनंदाने मात्र बॅगा माळ्यावर टाकलेल्या नाहीत.