दिवाणखान्यातला दिवा

मंदाकिनीबाईंना तिन्हीसांजेला घटकाभर अंधारात बसायला आवडे. पण आठवडाभर त्या बसल्या रे बसल्या, की दिवाणखान्यातला दिवा भक्कन लागे आणि भिंतीवरचा कॅमेरा मान वळवून त्यांच्याकडे बघे. दिवा, कॅमेरा, सगळं अमेरिकेतल्या मुलानं, आमोदनं, गेल्या सुट्टीत वाय-फायला जोडून दिलं होतं.

वाय-फायमधून घरात कोणीतरी शिरलंय, याची बाईंना खात्री पटली. मुलाला सांगायची मात्र सोय नव्हती. "आईला जमत नाही," असं तो म्हणाला, की सून ऋचा म्हणणार, "माझी आई बघ, सगळं शिकली!" ऋचाची आई आनंदीबाई सदाशिव पेठेत राहायच्या. त्यांना अमेरिकेतून रोज फोन. आणि मंदाकिनीबाईंना फक्त रविवारी, तोही "जेवलीस का" एवढाच. हे दुखऱ्या दाढेसारखं होतं. जीभ फिरून फिरून तिथंच जाई.

शेवटी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सुदर्शनला बोलावलं. तो हिंजवडीला संगणक कंपनीत होता. त्यानं वाय-फायचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी दिवा लागलाच! मग त्यानं बाईंच्या फोनवर दिव्या-कॅमेऱ्याचं खातं उघडलं.

"काकू, चोर-बिर कोणी नाही. तुमच्याच खात्यावर आणखी एक टॅबलेट चालतोय. सदाशिव पेठेतून."

बाई ताडकन उठल्या. "म्हणजे आमोदनं माझ्या घराची किल्ली सासूला दिली!"

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "विहीणबाई, माझ्या घरातले दिवे तुम्ही लावता?"

"लावते की. एकट्या अंधारात बसता, बघवत नाही हो. मला वाटलं, तुमचीच इच्छा आहे."

"माझी?"

"पाडव्याला तुम्हीच नाही का टॅबलेट भेट दिलात? आता कुठे चालू केला, तर आत तुमचा दिवाणखाना! म्हटलं, मंदाताईंना लक्ष ठेवा म्हणायला संकोच वाटत असेल."

बाईंनी जीभ चावली. आमोदनं नवा टॅबलेट पाठवला, तेव्हा जुना त्याच खोक्यात घालून त्यांनी विहिणीचा मान उरकला होता. काच लखलखीत पुसली होती. आतलं पुसायचं राहिलं.

"म्हणजे आमोदनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"ते कुठले बोलतात! फोन ऋचाचा असतो. जावईबापू मागून 'नमस्कार' ओरडतात, झालं."

"एवढंच?"

"कधीकधी तेवढंही नाही."

किती दिवसांनी बाईंना बरं वाटलं. त्यांनी फोन ठेवला.

"काकू, काढून टाकू तो टॅबलेट?" सुदर्शननं विचारलं.

"कॅमेरा काढ. तोंड वर करून बघत बसते मेली." बाई खुर्चीत टेकल्या. "दिव्याचं बटण राहू दे तिच्याकडे. तिला तरी दुसऱ्या कुणासाठी लावायचाय दिवा?"

बाहेर अंधारत आलं होतं. बाई हात मांडीवर ठेवून दिव्याकडे बघत बसल्या.

"आज उशीर केलान," त्या पुटपुटल्या.