खुर्चीवरचा ब्लाउज

हे मी इतकी वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही, आणि आता ती नाही. परवा बंगळुरात मारतहळ्ळीला नातवाच्या घरी त्याचे मित्र बोलत बसले होते. नागडे व्हिडिओ बघणं सोडलं तर पुरुषाला फायदा होतो का? एक म्हणाला, झोप सुधारते. दुसरा म्हणाला, कामात लक्ष लागतं. मग माझ्याकडे वळून हसला. "आजोबा, तुमच्या काळी हे नव्हतंच. बरं होतं तुमचं."

होतं. माझ्याच हातांनी छापलं जात होतं.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही चिकपेटेतले मराठी शिंपी. वडील कोट शिवायचे, आई ब्लाउज. मी बाविशीतला, कॅंटोन्मेंटमध्ये एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये कामाला. क्लबातला एक साहेब तिथे यायचा. गिरणीवाल्याचा मुलगा. परदेशातून नागड्या बायकांचे फोटो आणायचा आणि प्रती काढून मित्रांत वाटायचा. प्रती मी काढायचो.

एकदा त्याने मला मित्रांसमोर उभं केलं. एक फोटो नाकासमोर धरला.

"एनो, काय रे दर्जी, काय काय दिसतं ते सांग. मोठ्याने."

मी नजर खाली वळवली.

"अरे, याच्या सात पिढ्या बायकांची मापं घेण्यात गेल्या, आणि याला बोलता येईना!"

खदाखदा हसले सगळे. माझ्या आईचं काम ते. तिच्या गळ्यातल्या टेपला हसले. आणि मी? मीही हसलो. काय दिसतं ते सांगितलं. बक्षीस म्हणून तो फोटो मिळाला. शर्टाच्या आत घालून घरी नेला.

पुढे सवयच लागली. एक प्रत साहेबाला, एक मला. आईकडे माप द्यायला बायका यायच्या, त्यांच्याकडे मी साहेबाच्या डोळ्यांनी बघू लागलो. ज्या बुटाने मला तुडवलं त्याच बुटात पाय घालून हिंडत होतो.

मग तो रोल आला. साहेबाने स्वतः काढलेला. निगेटिव्हवर माणूस चटकन ओळखू येत नाही, काळ्याचं पांढरं असतं. कागद औषधाच्या ट्रेमध्ये हलवत होतो. चित्र वर येऊ लागलं. परदेशी बायका हसायच्या. हिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. आणि मला, लिहायला हात धजत नाही, मला आधी तेही आवडलं.

मग मागची खुर्ची उमटली. खुर्चीवर ब्लाउज. एक बाही साधी, दुसरीला पट्ट्यापट्ट्यांचा तुकडा. आमच्या घरची रीत ती. गरिबाचं कापड कमी पडलं तर परत पाठवायचं नाही, कोटाच्या अस्तरातलं उरलेलं लावून पुरं करायचं. तो तुकडा मीच आईला शोधून दिला होता.

ब्लाउज आमच्या गल्लीतल्या अक्काचा. विधवा बाई. साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक करायची. मला तम्मा म्हणायची, धाकटा भाऊ. आईला ताप आला की सारू-भात आणून द्यायची.

दुसऱ्या दिवशी साहेब प्रिंट न्यायला आला.

"काढणार नाही," मी म्हणालो.

"का रे? तुझी कोण लागते ती?"

घरून वडिलांची कात्री आणली होती. त्याच्यासमोर फिल्मचे तुकडे केले. स्टुडिओच्या मालकाने कानाखाली मारली आणि हाकलून दिलं. घरी येऊन माझ्याकडचे सगळे फोटो चुलीत घातले. त्यानंतर असलं कधीच पाहिलं नाही.

अक्कालाही त्याच आठवड्यात बंगल्यावरून काढलं. ती आईकडे आली. ब्लाउज पुढे ठेवला.

"हा उसवून टाका."

"का गं? चांगला बसला होता की."

अक्का माझ्याकडे बघत होती. "तम्मा, तू त्या फोटोच्या दुकानात होतास ना? माझं काही आलं होतं का तिथे?"

"नाही, अक्का."

"सरी, बरं," ती म्हणाली. थोड्याच दिवसांत खोली सोडून गेली. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी शोधलंही नाही.

फायदा विचारता? झाला. बायकोशी तिच्या तोंडाकडे बघून बोलू शकलो, तो माझा फायदा. पण तुमची झोप, तुमचं लक्ष, तुमची ताकद. सगळं तुमचंच? त्या चित्रात एक बाई असते. तिचे कपडे कुठेतरी खुर्चीवर पडलेले असतात, कुणीतरी शिवलेले. तिला कोणी विचारलं होतं? पोटासाठी चाकरीला असलेल्या बाईला साहेबाने विचारणं, त्याला विचारणं म्हणत नाहीत.

तिचं नाव मी लिहिणार नाही. अंग त्यांनी नेलं, मीही नेलं. नाव तिचं तिच्यापाशी राहू दे. पण यापुढे फायदा विचारणाऱ्याला मी हे सांगणार. घरापासून, नातवापासून सुरुवात. त्याला आजोबांची लाज वाटली तर वाटू दे.

फिल्म कापली याची फुशारकी मला नको. साहेबासमोर तोंड उघडलं, अक्कासमोर नाही. तिला सांगायचं होतं ते एवढंच: अक्का, आलं होतं. मी पाहिलं. आधी पाहिलं, मग ओळखलं. मला माफ कर.