नवरदेव, वऱ्हाड आणि आमचा हौद

साल एकावन्न. मी तेहतीस वर्षांचा. कल्याण स्टेशनाबाहेर माझा टांगा, माझी घोडी चंद्री, आणि घोड्यांच्या दगडी हौदाच्या कठड्यावर एक पाय ठेवून उभा असलेला तो माणूस. अंगठा जिभेला लावायचा, पेपर एकदा जोरात झटकायचा आणि म्हणायचा, "बसा वऱ्हाडी मंडळी! मुहूर्त टळतोय!"

त्याचं नाव मी लिहिणार नाही. मुद्दाम नाही लिहिणार. माझा राग अजून गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही. माझं शिक्षण दुसरी. तरी हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही, स्वतः लिहिलंय. कुठे चुकलं असेल तर सुधारून वाचा. मला सांगायला येऊ नका.

स्टेशनाच्या मागच्या गल्लीत एक छापखाना होता. तिथे तो खिळे जुळवायचा. एक एक अक्षर चिमटीत धरून ओळ लावायची, हे त्याचं काम. लग्नसराईत दिवसभर लग्नपत्रिका, बाकी वेळ कचेरीच्या नोटिसा आणि गावातलं एक साप्ताहिक. आम्ही त्याला पत्रिकावाले म्हणायचो. बोटं कायम काळी. स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. चाळिशीचा असेल.

आम्ही अकरा टांगेवाले. वाचता येणारे दोन, तेही कसेबसे, आणि त्यातला एक मी. सकाळी कामावर जाताना तो हौदाशी थांबायचा आणि आम्हाला पेपर वाचून दाखवायचा. पण सरळ कधी वाचायचा नाही. दिवसभर जे शब्द जुळवायचे तेच त्याने बातम्यांना लावलेले. मंत्री आला की नवरदेव. समिती म्हणजे वऱ्हाड. आश्वासन म्हणजे आहेर. राजीनामा म्हणजे रुसवा. मोर्चा म्हणजे पंगत. ठरलेलं होतं सगळं, आम्हाला पाठ होतं.

"ऐका! धरणाची पाहणी करायला वऱ्हाड निघालं. नवरदेवांनी दिला आहेर. आहेर काय, ते विचारू नका, पाकीट रिकामं आहे!"

रेशन कमी झालं तेव्हा त्याने वाचलं, "मुलीकडचं जेवण यंदा आणखी आखडलं." पाच वर्षांच्या योजनेला तो पाच वर्षांचा साखरपुडा म्हणायचा. आमचा इस्माईलचाचा, वयाने सगळ्यांत मोठा, हसून हसून खोकायला लागायचा. "अरे पत्रिकावाले, लग्न कधी लागणार ते बोला ना!"

"चाचा, साखरपुडा पुढं ढकलता येतो. लग्न ढकलता येत नाही. म्हणून लग्न लावतच नाहीत."

एकदा कुठेतरी मोर्चावर लाठ्या चालल्या. त्याने वाचलं, "पंगतीवर अक्षता पडल्या." आम्ही हसलो. मीसुद्धा. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कुणाची डोकी फुटलेली आणि आम्ही घोड्याला चंदी घालत खी खी करतोय.

पण तेव्हा मला तो माणूस आवडायचा, हेही लिहितो. खोटं नाही लिहिणार. अकराच्या अकरा घोड्यांची नावं त्याला माहीत होती. एवढं तर आम्हालाही एकमेकांच्या घोड्यांचं ठाऊक नसायचं. चंद्रीला तो "वहिनी" म्हणायचा. पेपर वाचून झाला की तिच्या कपाळाला हात लावायचा. तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर शाई लागायची आणि मी शिव्या द्यायचो. "अहो, घोडी आहे, खिळ्याची पेटी नाही!"

"बाळूशेठ, सवाष्णीला कुंकू नको?"

असा माणूस.

आता मुद्द्यावर येतो. एका शनिवारी त्याने गावातलं साप्ताहिक आणलेलं. ते त्याच्याच छापखान्यात छापलं जायचं. झटकलं, अंगठा लावला, आणि तिसऱ्या पानावर थांबला. जरा जास्तच थांबला. ते मला तेव्हाच दिसलेलं. मग म्हणाला, "मंडळी, आज घरचीच बातमी. स्टेशनाबाहेरच्या टांगा स्टँडची पाठवणी!"

म्हणजे स्टँड हलवणार. पाठवणी म्हणजे हलवणं, हे आम्हाला कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांना बरोबर कळलं. तरी काय केलं आम्ही? इस्माईलचाचाने चाबकाचं टोक डोळ्याला लावून नवरीच्या आईसारखं रडून दाखवलं. दुसऱ्या एकाने त्याच्या गळ्यात पडून हुंदके दिले. "सासरी नीट वाग गं पोरी!" कुणीतरी ओरडलं, बहुतेक मीच. इतक्यात गाडी आली, उतारू बाहेर पडले, आणि आम्ही आपापल्या टांग्याकडे धावलो.

एकानेही विचारलं नाही, कुठं हलवणार, कधी, कोण. हसून झालं होतं ना. हसून झालं की काम झाल्यासारखं वाटतं. रोजची सवय ती.

तीन आठवड्यांनी सकाळी सकाळी दोन बैलगाड्या हौदापाशी आल्या. दगड, माती, फुटक्या विटा. मजुरांनी आधी हौदाच्या तळाचा बोळा काढला, पाणी गटारात सोडलं, मग टोपल्या ओतायला लागले. चंद्री पाण्याला तोंड लावून उभी होती. तिच्या तोंडासमोरून पाणी गेलं.

मी आणि इस्माईलचाचा तसेच कचेरीत गेलो. तिथला कारकून चांगला माणूस होता, उगाच कशाला खोटं बोलू. त्याने वही काढून दाखवली. "स्टँड आता लाकडाच्या वखारीपलीकडे. हरकती मागवलेल्या. पंधरा दिवसांची मुदत होती. पेपरात दिलेलं."

"किती हरकती आल्या?" मी विचारलं.

"एकही नाही."

"एकही?"

"अहो, एक जरी आली असती तर साहेबांना सुनावणी घ्यावी लागली असती. हौद तरी नवीन बांधून मागता आला असता. आम्हाला वाटलं, तुमची काही ना नाही."

चाचा जिन्यावरच बसला. म्हणाला, "वखारीकडं नळ नाय, विहीर नाय. जनावराला पानी कुठनं देऊ, बाळू? सांग ना. तोंडातनं देऊ?"

दुसऱ्या दिवशी पत्रिकावाले नेहमीसारखे आले. बुजवलेल्या हौदासमोर उभे राहिले. पाय ठेवायला कठडा नव्हता. मी त्याला तोवर कायम अहोजाहो केलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा अरेतुरेवर आलो.

"तारीख होती ना खाली? हरकतीची?"

त्याने पायाने माती सारखी केली.

"तुला दिसली का नाही दिसली, एवढं सांग."

"दिसली."

"मग वाचली का नाहीस?"

तो पेपराची घडी घालत बसला. घडीवर घडी, पार पत्रिकेएवढी केली. मग म्हणाला, "बाळूशेठ, ती नोटीस मीच जुळवली. दोन दिवस आधी. तारीख, मुदत, सगळे खिळे माझ्या हातचे. कचेरीची कामं आमच्या छापखान्याकडे असतात. मी तुम्हाला हरकत लिहून दिली असती तर मालकाने मला ठेवला नसता. अक्षर ओळखतात माझं. म्हणून म्हटलं, सांगून तर टाकू. गमतीत सांगितलं. म्हटलं, तुम्हाला कळेल."

"कळलं आम्हाला! कळलं म्हणून तर हसलो!"

"मग पुढचं मला वाटलं तुम्ही विचाराल."

"तू विचारायला जागा ठेवलीस? रोज हसवतोस, त्या दिवशी एकदा तोंड सरळ ठेवायला काय झालं होतं तुला? एकदा नुसतं म्हणायचं, बाळू, हे खरं आहे, ऊठ! एवढ्याने तुझे खिळे झिजले असते?"

इस्माईलचाचाने माझा दंड धरला. मी पत्रिकावाल्याच्या हातातून पेपर ओढला, फाडला आणि हौदावरच्या मातीत टाचेने दाबला. "पुन्हा आमच्या टांग्यांजवळ दिसू नकोस. तुझं वऱ्हाड दुसरीकडे जेवायला घाल."

त्याने चंद्रीकडे एक पाऊल टाकलं. मी तिचं तोंड दुसरीकडे वळवलं. हेही मी केलं. लिहून ठेवतो.

वखारीपलीकडच्या जागेत सावली नव्हती, पाणी नव्हतं. स्टेशनातून उतरलेला माणूस तेवढं चालण्यापेक्षा घरीच चालत जायचा. आम्ही घरून पाण्याचे डबे भरून आणायचो. दुपारपर्यंत डबा संपायचा आणि चंद्री तोंडाने तो ढकलत बसायची. तो लोखंडी आवाज मला अजून ऐकू येतो. आज हौदाच्या जागी रिक्षा उभ्या राहतात. त्यांना काय, पाणी लागत नाही.

तो एकदा तिथेही आला. एवढं लांब चालत. मी बघितलं न बघितलं केलं. बाकीच्यांनीही माझं बघून मान फिरवली. तो थोडा उभा राहिला आणि गेला. पेपर त्या दिवशी त्याच्याकडे नव्हताच.

आणि मग आठवड्याने, वखारीच्या भिंतीवर एक पत्रक चिकटवलेलं दिसलं. स्टेशनच्या भिंतीवर होतं, कचेरीच्या दारावरही होतं म्हणे. मी समोर उभा राहिलो आणि एकेक अक्षर लावत वाचलं. अर्धा तास लागला असेल. वर मोठ्या अक्षरात होतं, टांगेवाल्यांची हरकत. खाली अकरा नावं. प्रत्येक नावापुढे घोड्याचं नाव. बाळू, घोडी चंद्री. इस्माईल, घोडा मोती. आणि त्याखाली, या जनावरांना पाणी नाही. मुदत संपली असली तरी तहान संपलेली नाही. हौद बांधून द्यावा.

मी दोनदा वाचलं. नवरदेव कुठे सापडला नाही. आहेर नाही, वऱ्हाड नाही. सगळे शब्द जिथल्या तिथे.

खाली कुणाचं नाव नव्हतं. पण त्या छापखान्यातला "ह" बुडाशी तुटका होता. निम्म्या गावाच्या लग्नपत्रिकेत तो तुटका "ह" आहे, माझ्याही. तो मला ओळखता आला, तर मालकाला येणारच.

मी टांगा तसाच सोडून छापखान्यात गेलो. मालक म्हणाला, "काढला त्याला. सकाळीच. माझ्या खिळ्यांनी माझंच गिऱ्हाईक घालवतो!"

त्याच्या खोलीवर गेलो. घरमालकीण दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गेले की दुपारच्या गाडीने. ट्रंक घेऊन. कुठे ते नाही बोलले. तुम्ही ते घोडीवाले का? म्हणत होते, ते आले तर काही सांगू नका, रागावलेले आहेत."

बरोबर म्हणाला. रागावलेलोच होतो. आहे. पहिल्या दिवशी जे सरळ म्हणायचं ते त्याने पार शेवटी म्हटलं, मुदत संपल्यावर, नोकरी घालवून. आधी म्हटलं असतं तर हौद राहिला असता आणि कदाचित तोही. आणि मी त्याच्यावर ओरडलो ते बरोबरच होतं. फक्त घोडीचं तोंड वळवायला नको होतं.

तो मला पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनावर जाऊन जन्मात पहिल्यांदा पेपर विकत घेतला. वखारीपलीकडे बाकीचे दहाजण जमले होते. मी अंगठा जिभेला लावला नाही. पेपर झटकला नाही. मोठ्या अक्षरातली ओळ लावायला सुरुवात केली. "मं... त्री..."

"अरे बाळू, नवरदेव म्हण की," इस्माईलचाचा हळूच म्हणाला.

"मंत्री," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मग मी पान उलटलं आणि सगळ्यांत खालचं, बारीक अक्षरातलं, बोट ठेवून वाचायला लागलो. तारखेपर्यंत.