भाऊजींच्या नाण्याची कड

जुन्या नाण्यांच्या त्या दुकानात पुढे काचेची कपाटं होती आणि गोड बोलणारा मालक होता. खरं दुकान मात्र मागच्या खोलीत चालायचं. तिथे खिडकीला लागून एक टेबल, टेबलावर भिंग, इवलासा तराजू, मऊ कापडाचा तुकडा आणि टेबलामागे कडमावशी. तिला नाव होतं, पण दुकानात ते कुणी वापरत नसे. रोमन चांदीचं नाणं हातात ठेवलं, तर ही बाई राजाच्या तोंडाकडे ढुंकूनही बघायची नाही. आधी कड. नाणं दोन बोटांत उभं धरायचं आणि उजेडात हळूहळू फिरवायचं. घाव घालून पाडलेल्या नाण्याची कड कुठेतरी तडकलेली असते, ओबडधोबड असते. साच्यात ओतलेल्या नकलेला जोडाची रेघ असते आणि ती कितीही घासा, कुठेतरी शिल्लक राहतेच. तोंड बघून नाणं ओळखणारा आणि तोंड बघून जावई पसंत करणारा, मावशी म्हणायची, दोघंही एकाच माळेचे मणी.

कड पास झाली की वजन आणि मग अक्षरं. इथे खरी गंमत. त्या राजांना मोठेपणाची भारी हौस. एक मानाचा अधिकार ते दरवर्षी नव्याने घ्यायचे आणि कितव्यांदा घेतला तो आकडा नाण्यावर ठोकायचे. अर्धी अक्षरं झिजून गेली तरी तेवढा आकडा सापडला, की मावशी वर्ष सांगून मोकळी. शिवाय ते वर्ष का, हेही सांगायची, कुणी विचारो न विचारो. कारण देता येत नसेल तर तारीख देऊ नये, हा तिचा दंडक. जिभेने तिखट, पण तिने खरं म्हटलेलं नाणं कुणी परत आणल्याचं मालकाला आठवत नव्हतं. चांदीत काम करत असली तरी बाई बावनकशी होती, यात शंकाच नाही.

अशा बाईने एक नाणं मात्र आयुष्यभर हातात घ्यायचं टाळलं. ते तिच्या ताईच्या गळ्यात होतं.

ताईचे यजमान, म्हणजे मावशीचे भाऊजी, थापा मारण्यात पटाईत. बुडत्या माणसाला त्यांनी समुद्रातून ओढून काढलं होतं म्हणे, आणि स्वतःला तर पोहता येत नव्हतं! घरची माणसं हसायची आणि सोडून द्यायची. पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी ताईला पदकात बसवलेलं एक रोमन नाणं दिलं. दोन हजार वर्षांचं आहे, तुझी शपथ, असं म्हणाले. आणि गंमत अशी की त्या नाण्यावरून त्यांनी पुढे कधी फुशारकी मारली नाही.

मावशीने ते एकदाच नीट पाहिलं होतं. ताई भांडी घासायला वाकली आणि पदक उलटलं, तेव्हा. पुढे एका राजाचं डोकं, आणि मागे त्याच्या मुलाच्या राज्यातलं चित्र, मुलाचा आकडा. बाप मेल्यावर निघालेली पाठ बापाच्याच तोंडाला जोडलेली. टांकसाळीत असा घोळ सहसा होत नाही, अडाणी नक्कलबाज करतो. भाऊजींनी कुठल्यातरी बाजारातून उचललं असणार, दुसरं काय. मावशीने तोंडाला कुलूप लावलं. ताईच्या संसारात तिला मिठाचा खडा टाकायचा नव्हता.

गेल्या वर्षी भाऊजी गेले. परवा दुपारी ताई पदक मुठीत घेऊन थेट मागच्या खोलीत आली आणि बस म्हटलं तरी बसेना. जुने सोबती भेटायला येतात, ती सांगू लागली, आणि हसत हसत एकेक गोष्ट खोटी पाडून जातात. कारखान्यात हे साहेब नव्हते, कारकून होते. बुडणारा माणूस दुसऱ्याच कुणी काढला होता. तिलाही त्यांच्याबरोबर हसावं लागतं, चहा द्यावा लागतो.

"चाळीस वर्षं मी नक्की कुणाबरोबर राहिले, तेच कळेनासं झालंय," ताई म्हणाली. "त्यांनी माझी शपथ एकदाच घेतली होती, याच्यासाठी. ती तरी खरी होती का, एवढं बघ. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

खोटं बोलली असती तर ताईने विश्वास ठेवला असता, हीच तर पंचाईत होती. कड कोंदणात झाकलेली आहे, ते उघडावं लागेल, असं तिने चाचरत सांगून पाहिलं. उघड, म्हणाली ताई.

बोथट सुरीने मावशीने कोंदणाचा काठ उचलला. नाणं सुटलं. जोडाची रेघ कुठे सापडते ते बघायला तिने ते उजेडात फिरवलं. रेघ नव्हती. पुन्हा फिरवलं, मग भिंग लावलं. एका ठिकाणी चांदीच्या पातळ पत्र्याची घडी एकावर एक चढवून दाबलेली होती, आणि पत्रा जिथे फाटला होता तिथे आत तांबं होतं. तांब्याला हिरवा-लाल गंज चढला होता, तो चांदीच्या खाली पार खोलवर मुरला होता आणि त्याने वरची चांदी फुगवली होती. वजन केलं तर ते कमी भरलं. मावशीने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कड पुन्हा पाहिली.

"नाणं खोटं आहे ताई. आत तांबं आहे."

ताईने मान खाली घातली.

"थांब गं, माझं कारण ऐकून घे आधी."

आणि मावशीने कारण सांगितलं. असा गंज आत मुरायला शतकं लागतात. आजचा लबाड विजेवर मुलामा देतो, पत्रा गुंडाळत बसत नाही. हे त्याच काळातल्या कुणा भामट्याचं काम. डोक्याचा ठसा एकीकडून उचलला, पाठीचा दुसरीकडून. मुलाचा आकडा आहे, म्हणजे बाप गेल्यावरच तो कामाला बसला, कारण जी पाठ अजून निघालीच नाही तिची नक्कल करणार कशी? आणि तसली नाणी चालली ती थोडी वर्षंच. म्हणजे तुझ्या गळ्यात आलं तेव्हा ते एकोणीसशे वर्षांचं होतं. भाऊजींनी शंभर वर्षं वाढवून सांगितली, सवयीने.

ताईला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. मावशीने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"म्हणजे शपथ खरी?"

"खरी. चांदीत ते फसले, पण तुला नाही फसवलं." मावशीने भिंग बाजूला ठेवलं. "मीच कड न बघता निकाल दिला, ताई. इतकी वर्षं. नाण्याचा नाही, भाऊजींचा."

ताईने डोळे पुसले, नाणं हातात घेतलं आणि मावशीसारखंच दोन बोटांत उभं धरून उजेडात फिरवत राहिली. चांदीची घडी दिसली तिथे थांबली, त्यावरून नख फिरवलं.

"बसव परत," ती म्हणाली. "पण एवढी कड झाकू नकोस."

मावशीने कोंदणाचा काठ तेवढ्या जागी कापून टाकला आणि पदक ताईच्या गळ्यात घातलं.