टॉवेलाखालची ॲडमिशन

"हात द्या, हात! असं उघड्या तोंडानं कुणी भाव फोडतं व्हय?" पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात आमचे येडगावचे मामा ओरडत होते. खांद्यावरचा टॉवेल क्लार्कच्या मनगटावर पडलाही होता. त्याखाली मामांची बोटं चाचपू लागली, तसा तो गृहस्थ विंचू चावल्यासारखा खुर्चीसकट मागे सरकला.

अख्ख्या जुन्नर-आंबेगावात पहिल्या सांगितल्या भावाला जन्मात कधी 'बरं' न म्हणालेला माणूस एकच, आमचे मामा. धंदा बैलांच्या व्यापाराचा. बैलबाजारात भाव ठरतो तो टॉवेलाखाली बोटं धरून, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट एकदा टॉवेलाखालून जाऊन आली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आळेफाट्याचे डॉक्टर म्हणाले, सात टाके पडतील. मामांनी भळाभळा रक्त वाहत असताना पाचावर सौदा केला. उरलेल्या दोन टाक्यांच्या जखमेचं दुखणं ते अजून मामींना ऐकवत असतात. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा म्हणे त्यांनी भटजींकडून अर्धा तास खाली आणला होता.

आता प्रश्न प्राजूचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीचा होता. तिला कॉम्प्युटरच हवं होतं, तेही याच कॉलेजात. दोन राऊंड झाले, यादीत नाव नाही. शेवटचा एक उरलेला. क्लार्क सावरून म्हणाला, "मेरिटवर लागेल, न लागेल. पूर्ण फी भरत असाल तर मॅनेजमेंटची सीट आत्ता देतो."

आकडा ऐकून मामा डगमगले नाहीत. तेवढी ऐपत होती. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् जास्त मार्कवाल्या पोरीला?"

"तिला फी कमी लागते."

"म्हंजी गुणाचा बैल स्वस्त आन् खोडीचा म्हाग? असला बाजार मी उभ्या जन्मात पाह्यला न्हाई, राव! जादा मोजून माझ्याच लेकीला खोडीची ठरवू व्हय?"

मी त्यांची बाही ओढली, "मामा, सीट जाईल!" रांगेत आमच्या मागे उभे असलेले पाहुणे तेवढ्यात पुढे घुसून पोराची पूर्ण फी भरूनही मोकळे झाले. ते पाहून मामांचा आवाज उतरला. "बोल पोरी. तू म्हनशील तर आत्ता भरतो."

शेजारी उभ्या असलेल्या प्राजूने नाक पुसलं. "थांबते, आण्णा. लागलं तर माझ्या मार्कांवर."

पुढचे आठ दिवस मामा बाजाराला गेले नाहीत. बैलांना ते काय काय सांगत होते ते बैलच जाणोत. शेवटच्या राऊंडला यादी लागली आणि प्राजूचं नाव शेवटून दुसरं निघालं. मामांनी गावाजवळच्या धरणाच्या भिंतीपर्यंत पेढे वाटले. पेढेवाल्याशी अर्थात टॉवेलाखाली बोलून.

हॉस्टेलला सोडायला मीच बरोबर होतो. रेक्टरबाई म्हणाल्या, "पालकांनी महिन्यातून एकदाच भेटायचं." मामांचा हात खांद्यावरच्या टॉवेलाकडे गेला. आता बाईंचं काही खरं नाही, म्हणून मी एक पाऊल मागे सरलो. मामांनी टॉवेल काढला, त्याने सावकाश तोंड पुसलं आणि जिन्यावरून वर जाणाऱ्या प्राजूकडे पाहत म्हणाले,

"बरं."